गोटीराम तांबटाची बैठक

तांबट गल्लीतल्या दुकानात गोटीरामची बैठक दाराजवळ होती. सकाळचं ऊन आधी तिथं यायचं. तांब्यावर हातोडीचा घाव कुठं नीट बसला आणि कुठं घसरला हे दिव्याखाली कळत नाही, उन्हात कळतं. म्हणून दाराजवळची जागा घरातल्या सगळ्यात चांगल्या हाताची. आधी तिथं बाप बसायचा. बाप गेल्यावर गोटीराम बसू लागला. धाकटा भाऊ धोंडीराम आत, भट्टीच्या बाजूला.

दोघांचं काम वेगळं. धोंडीराम पत्रा ठोकून भांड्याला आकार द्यायचा. गोटीराम ते मठारायचा, म्हणजे भांड्याच्या सगळ्या अंगावर एकाला एक लागून बारीक घाव घालायचा. त्यानं तांबं कठीण होतं, चमकतं, सहजासहजी चेपत नाही. घावांची ओळ चुकली की लांबूनही दिसते. गोटीरामची ओळ चुकत नसे. पिंपळगावचे बागाईतदार मुलीच्या लग्नात द्यायचं घंगाळ त्याच्याच हातचं मागत.

मठारायला जमिनीवर बसावं लागतं. डावी मांडी मोडून खाली टेकलेली, उजवा गुडघा उभा, उजव्या टाचेखाली भांड्याची कड दाबलेली, आणि भांडं बापानं जमिनीत पुरलेल्या ऐरणीवर पालथं. पोरवयापासून गोटीराम असा बसला. सगळा भार डाव्या गुडघ्यावर.

ऐंशी सालच्या सिंहस्थात तांब्याचे गडू इतके खपले की दोघं भाऊ जेवायलाही बैठकीवरच हात पुसत. सिंहस्थ संपला आणि एका सकाळी गोटीरामला उठताच येईना. त्यानं गुडघ्याला शिवी दिली. मग तेल चोळलं, लेप लावले, सायखेड्याच्या एका हाड बसवणाऱ्याकडं जाऊन पाय ओढून घेतला. गुडघा सुजला तो सुजलाच. शेवटी सरकारी दवाखान्यात फोटो काढला. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, आतली गादी झिजली. हाडावर हाड घासतंय."

"मग मी इतकी वर्षं तेल कशाला चोळलं?"

"ते तुम्हालाच माहीत."

पुढं पुढं तर घरून दुकानात जायला गोटीरामला धोंडीरामचा खांदा धरावा लागायचा. गल्लीतले लोक बघायचे. त्याला गुडघ्याइतकाच त्या खांद्याचाही राग यायचा.

पंच्याऐंशी साली त्याला मुंबईला पाठवलं. तिथं एक डॉक्टर परदेशात शिकून आले होते आणि निकामी गुडघा काढून नवा बसवत होते. खर्च एका धर्मादाय ट्रस्टनं उचलला, म्हणून तो विषय तिथंच मिटला.

"घासलेला भाग कापून काढायचा," डॉक्टरांनी समजावलं, "आणि त्या जागी धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसवायचा."

"धातू कुठला?"

"खास मिश्रधातू असतो."

"तांबं नाही ना?"

"नाही."

"बरंय. तांबं मऊ. घासून जाईल."

डॉक्टर हसले. गोटीरामनं विनोद केलेला नव्हता.

मग डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडायला लावलं. आत बॅटरी मारली. "तंबाखू सोडा. आणि हे मागचे किडलेले दात काढून या. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

"दुखतोय गुडघा. दात नाही दुखत."

"तोंडातली घाण रक्तातून नव्या सांध्यात गेली तर सांधा सडेल. मग तो काढावा लागेल आणि तुम्ही आत्ता आहात त्यापेक्षा वाईट व्हाल."

गोटीरामची बायको लंकाबाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काढतो म्हणा."

पण त्याला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. त्यानं विचारलं, "मला मांडी घालता येईल?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "खुर्चीवर बसाल, चालाल, जिना चढाल. मांडी नाही, उकिडवं नाही. जमिनीवर बसणं विसरायचं."

"मग गुडघा बदलायचा कशाला?"

"दुखणं जावं म्हणून."

"दुखणं सोसतोय मी. मला बसायचंय. माझं काम बसून आहे."

"दुसरं काम बघा."

डॉक्टर हे वाईट मनानं बोलले नव्हते. त्यांना बाहेर वीस माणसं तपासायची होती. पण गोटीरामच्या डोक्यात ते बोल हातोडीच्या घावासारखे उमटले. तो वरवर "बरं" म्हणाला. मनात म्हणाला, ह्या माणसानं माझं बसणं कधी बघितलंय? गुडघा बसू दे, मग बघतो कोण मांडी घालू देत नाही ते.

एस.टी. कसारा घाट चढत होती तेव्हा त्याला वाचा फुटली. "गुडघा दुखतो तर दात काढायचे! उद्या डोकं दुखलं तर पाय कापतील!"

"तुमचं डोकं कशाला दुखतंय," लंकाबाई म्हणाली. "दुखायला आत काय तरी लागतं."

पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळून हसला. गोटीरामनं त्याच्याकडं असं बघितलं की तो नाशिक येईपर्यंत परत वळला नाही.

दात काढले. तंबाखूची चंची लंकाबाईनं कुठं ठेवली ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. मात्र त्या दिवसांत तो ज्याच्या त्याच्या अंगावर जायचा. डॉक्टरांनी मांडीत ताकद यावी म्हणून व्यायाम दिला होता. घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, खाटेवर पडायचं आणि गुडघा न वाकवता पाय उचलून धरायचा. हे त्यानं चुकवलं नाही. काम म्हटलं की तो चुकारपणा करत नसे, आणि हे काम होतं. पाय वर धरून तो छताकडं बघत दात खायचा, उरलेले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटलं, कुणीतरी पाय भट्टीत घातलाय. बाजूच्या खाटेवरचा माणूस देवाचं नाव घेत कण्हायचा. गोटीराम कण्हला नाही. कण्हण्यात दम जातो आणि काम काही होत नाही, असं त्याचं म्हणणं. टाके काढून, काठी हातात देऊन त्याला घरी पाठवलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

घरी आल्यावर खरा वैताग सुरू झाला. माणसं भेटायला यायला लागली.

जो तो यायचा, गुडघ्याकडं बघून च् च् करायचा आणि म्हणायचा, "आता आराम करा. लय केलं जन्मभर." शेजारची कुसाबाई तर डिंकाचे लाडू घेऊन आली.

"हे कशाला?" गोटीराम म्हणाला. "मी बाळंत झालोय का?"

"अहो भावजी, हाड भरून येतं त्यानं."

"हाड काढून टाकलंय तिथलं. लोखंड आहे. लोखंड डिंक खातं का?"

"बाई गं, लंके, ह्यांचे दात काढले पण जीभ तेवढी राहिली," असं म्हणत कुसाबाई खाली बसली. गोटीरामला तिचं ते फतकल मारून सहज बसणंसुद्धा बघवेना. मग तिनं त्याचा पाय बघितला, सरळ पसरलेला, आणि तिला दया आली. "असा ताठ काय ठेवलाय? गुडघ्याखाली गोधडी दे की घडी करून. ऊब मिळेल."

लंकाबाईनं गोधडीची जाड घडी गुडघ्याखाली सरकवली. गोटीरामला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून तो त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसला. मग गोधडी तिथंच राहिली, रात्रंदिवस.

मुंबईच्या डॉक्टरांनी नाशकातल्या एका दवाखान्यातल्या लताबाईंच्या नावानं चिठ्ठी दिली होती. लताबाई व्यायाम करून घ्यायच्या. उंच, काळ्यासावळ्या, बोलायला फटकळ. त्या एकदा घरीच आल्या आणि दारातूनच ओरडल्या.

"ती गोधडी कोणी ठेवली?"

"मी," लंकाबाई म्हणाली. "आराम पडावा म्हणून."

"ह्या आरामानं पाय वाकडा राहील. गुडघा सरळ झालाच नाही तर जन्मभर लंगडणार हे. काढा आधी!" गोधडी त्यांनी स्वतःच ओढून काढली, पंच्याची गुंडाळी केली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा आता अधांतरी होता. "आता गुडघा खाली दाबा. खाटेला लागायला पाहिजे."

गोटीरामनं दाबला. लागेना. खाट आणि गुडघा यांच्यात मूठ जाईल एवढी जागा राहिली. लताबाईंनी वरून दोन्ही तळव्यांनी जोर दिला. मुंबईत न कण्हलेला गोटीराम ओरडला तो बाहेर गल्लीत ऐकू गेला.

"ओरडा," लताबाई म्हणाल्या. "ओरडायला माझी ना नाही. पाय तेवढा ढिला सोडा."

त्या गेल्यावर गोटीराम बायकोवर तुटून पडला. कुसाबाईवर तुटून पडला, ती घरात नसताना. आयुष्यात त्यानं पत्रा कधी वाकडा सोडला नव्हता आणि ह्या बायांनी त्याचा पाय वाकडा केला! लंकाबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"गोधडीला तुम्ही नाय म्हणला नाही," ती एवढंच बोलली.

हे खरं होतं, म्हणून त्याला आणखी राग आला. तो राग त्यानं गुडघ्यावर काढला. रोज टाचेखाली गुंडाळी, रोज खाली दाब. मग खुर्चीवर बसून पाय मागं ओढायचा. मग जिना. लताबाईंनी शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तो जिन्यावरून वर-खाली करायचा आणि दर पायरीला एकाचं नाव घेऊन शिवी द्यायचा. डॉक्टर, लताबाई, कुसाबाई, धोंडीराम. होळीपर्यंत गुडघा खाटेला टेकला. लताबाई म्हणाल्या, "छान." त्या पुढं काहीतरी बोलणार होत्या, पण गोटीरामनं विचारलं, "मांडी कधी घालायची?"

"कधीच नाही. तुम्हाला मुंबईत सांगितलंय."

"तुम्ही सांगा."

"मीही तेच सांगते."

पाडव्याला तो काठी टेकत, कुणाचा खांदा न धरता दुकानात गेला. दाराशी येऊन थबकला. त्याच्या बैठकीवर स्टीलचे डबे रचलेले होते. ऐरणीच्या डोक्यावर कोणीतरी पाण्याची कळशी ठेवली होती. आणि गल्ल्याशेजारी एक नवीन खुर्ची होती, वेताची, हात असलेली.

"ये दादा, बस," धोंडीराम हसून म्हणाला. "तुझ्यासाठीच आणली."

"डबे कुणाचे?"

"आपलेच. विकायला ठेवलेत. लोक तांबं कुठं घेतात आता? वहिनी म्हणाली, डॉक्टरांनी तुला खाली बसू नको म्हणून सांगितलंय. तू वर बस, गिऱ्हाईक बघ. मी आत ठोकतो. जागा रिकामी ठेवून काय करायची?"

"आणि मठारणार कोण?"

"मी मारतो की घाव."

गोटीरामनं भिंतीला लावलेलं एक पातेलं उचललं, दारात नेऊन उन्हात धरलं, फिरवलं. ओळी वर चढलेल्या, खाली उतरलेल्या, मध्ये मोकळ्या जागा. त्यानं पातेलं धोंडीरामच्या पायापाशी टाकलं. पातेलं गडगडत गटारीपर्यंत गेलं.

"कळशी उचल ऐरणीवरून," तो म्हणाला. "बापाची ऐरण आहे. माठाची तिवई नाही."

धोंडीरामही तांबटाचाच पोरगा. तोही तापला. "बसून दाखव मग! दसऱ्यापर्यंत वाट बघतो. दसऱ्याला तू तुझ्या जागेवर बसून भांडं मठारलंस तर डबे मी नदीत टाकीन. नाही तर तिथं स्टीलची मांडणी लागेल. भिंतीत खिळे ठोकून."

"दसऱ्यापर्यंत कशाला? पावसाळ्याच्या आत बसतो."

तो त्या खुर्चीवर एकदाही बसला नाही. उभाच राहिला, नाहीतर दाराला टेकला.

एका दुपारी धोंडीराम जेवायला गेला असताना गोटीरामनं डबे बाजूला केले. बैठक पुसली. ऐरण धरून, उजव्या पायावर भार घेऊन तो हळूहळू खाली सरकला. बूड टेकलं. डावा पाय समोर पसरलेला होता, काठीसारखा. त्यानं घोटा दोन्ही हातांनी धरला आणि आत ओढला. गुडघा वाकला, वाकला आणि एका जागी अडला. लताबाईंच्या व्यायामात अडायचा तिथंच. त्यानं आणखी ओढला. कपाळावर घाम आला. आता एक जोराचा हिसका दिला की बसेल, असं त्याला वाटलं, कारण जन्मभर जे बसलं नाही ते त्यानं जोरानं बसवलं होतं. त्यानं हिसका दिला.

डोळ्यापुढं अंधारी आली. तो कुशीवर कलंडला. उठायला गेला तर डाव्या पायानं ऐकलं नाही. तो तसाच आडवा पडून राहिला, गाल जमिनीला, आणि समोर स्टीलच्या डब्यांच्या रांगेत त्याचंच तोंड उमटलेलं, प्रत्येक डब्यात एक.

धोंडीराम आला तो किंचाळलाच. "मेलास का काय रे!"

"उठव आधी."

धोंडीरामनं बगलेत हात घालून त्याला उचललं आणि वेताच्या खुर्चीत टाकलं. गुडघा फुगायला लागला होता. धोंडीराम घाबरला होता, आणि घाबरला होता म्हणून तो जास्तच ओरडला. "अक्कल गहाण टाकलीस? पत्रा कठीण झाला की काय करतोस तू? ठोकत बसतोस? तापवतोस ना? न तापवता ठोकला तर चिरतो, हे मला कोणी शिकवलं? मी लहान असताना कान पिरगाळून कोणी शिकवलं?"

गोटीरामनंच शिकवलं होतं. तांबं ठोकून कठीण झालं की लाल होईपर्यंत तापवायचं, निववायचं, मग पुन्हा घ्यायचं. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. गुडघ्याच्या बाबतीत कोणी भट्टी दाखवली नव्हती एवढंच.

लताबाईंनी गुडघा बघितला, दाबून बघितला, थंड पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या आणि त्याला नावं ठेवायला एकही शब्द बाकी ठेवला नाही. नशीब, आतलं काही सरकलं नव्हतं. "पुन्हा असं केलंत तर माझ्याकडं यायचं नाही," त्या म्हणाल्या.

खाटेवर पडून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लंकाबाईनं ताट आपटलं.

"खायचं तर खा. रुसून कुणाची मांडी बसत नसते."

"तुझं काय जातं? तुझ्या बैठकीवर कुणी डबे मांडले नाहीत. मांडी नाही तर काम नाही."

"कोण म्हणतं? आमच्या येवल्याला माझ्या माहेराच्या शेजारी सगळे विणकर. शालू-पैठण्या विणतात. एकजण तरी मांडी घालतो का? मागापुढं खड्डा असतो. पाय खड्ड्यात सोडून काठावर बसतात. काम जमिनीलगत, पाय खाली. म्हातारे म्हातारे बसतात तसे."

"मी काय मागावर बसतो? मी तांबट आहे."

"तांबटाच्या पायाला खड्डा चालत नाही का? खुर्ची नको, जमीन जमत नाही. मग जमिनीलाच खाली घ्या."

गोटीरामनं ताट पुढं ओढलं आणि भाकरी मोडली. जेवताना तो हाताची वीत गुडघ्यापासून टाचेपर्यंत लावून बघत होता. लंकाबाईनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

सूज उतरल्यावर तो दुकानात गेला आणि म्हणाला, "माझ्या बैठकीची जमीन खणायची आहे."

धोंडीरामनं कपाळावर हात मारला. "ऐरण हलेल!"

"ऐरणीचा बुंधा किती खोल आहे ते मला माहीत आहे. बापानं पुरताना मी कंदील धरला होता. तू खण. मी सांगतो."

"मीच खणू?"

"मग काय मी खणू? ह्या गुडघ्यानं?"

धोंडीराम खणायला लागला. गोटीराम वेताच्या खुर्चीवर बसला, पहिल्यांदाच, आणि काठीनं दाखवत राहिला. "कड सरळ धर. सरळ म्हणजे सरळ. ती काय रेष आहे का गांडूळ?" धोंडीराम आतून शिव्या घालायचा, गोटीराम बाहेरून. गल्लीतल्या एकानं डोकावून विचारलं, "काय, विहीर का?" त्याला दोघांनी मिळून हाकललं. खड्डा खुर्चीच्या उंचीइतका खोल झाला. मध्ये एक पायरी ठेवली. काठाला आणि तळाला शहाबादी फरशी बसवली. वरच्या आढ्याला दोर बांधला, धरून उठायला.

एक अडचण राहिली. पूर्वी भांडं टाचेनं दाबून धरायचं. आता टाच खड्ड्यात. गोटीरामनं त्यावर चार दिवस डोकं फोडलं, कोणाशी नीट बोलला नाही. शेवटी चांभाराकडून चामड्याचा लांब पट्टा शिवून आणला. पट्टा भांड्यावरून घ्यायचा, दोन्ही टोकं एकत्र बांधून खड्ड्यात सोडायची आणि उजवा पाय त्या फासात घालून खाली दाबायचा. पाय दाबला की भांडं ऐरणीला घट्ट. पाय सैल केला की फिरवता येतं.

लताबाईंना लंकाबाईनं बोलावून आणलं. त्यांनी खड्डा बघितला, पायरी बघितली. "उतरून दाखवा."

गोटीरामनं दोर धरला. दुखरा पाय आधी पायरीवर, मग चांगला. काठावर बसला. गुडघा खुर्चीवर बसल्यासारखा वाकला होता, जास्त नाही.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण सलग बसायचं नाही. मधून मधून उठून चालायचं. नाहीतर आखडेल."

"मठारताना उठायचं? ओळ तुटते!"

"मग खड्डा बुजवा."

"बाई, तुम्हाला ह्या कामातलं—"

"तुमच्या कामातलं मला कळत नाही. गुडघ्यातलं तुम्हाला कळत नाही. ते त्या दिवशी आडवे पडून दाखवलंत."

आतून धोंडीराम फिसकन हसला. गोटीरामनं हातोडी त्याच्या दिशेनं उगारली आणि परत खाली ठेवली. भट्टी त्याच्या डोळ्यासमोरच होती. भांडं मठारताना कठीण झालं की तापवायला न्यावं लागतं. आतापर्यंत तो बसल्या जागेवरून हाक मारायचा आणि धोंडीराम येऊन घेऊन जायचा.

"भांडं तापवायला मीच नेईन," तो चिडून म्हणाला. "तेव्हा उठीन. पुरे?"

"पुरे."

सगळा पावसाळा त्यात गेला. पहिली भांडी वाया गेली. बसण्याची उंची बदलली तसा हात बदलला, घाव बदलला. खांदा भरून यायचा. ओळ उजवीकडं चढायची. तो ती भांडी मोडीत टाकायचा आणि कुणी "बरं झालंय की" म्हटलं तर त्याच्याशी बोलणं बंद करायचा. मधून उठून, पायरी चढून, भांडं सांडशीत धरून तो लंगडत भट्टीपर्यंत जायचा आणि यायचा. ह्या जाण्यायेण्यालाही शिव्या होत्याच. पण संध्याकाळी गुडघा आखडलेला नसायचा, आणि हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. ऐरणीला हळदकुंकू, झेंडूची माळ. गोटीराम दोर धरून खाली उतरला. दुखरा पाय आधी. पिंपळगावच्या कोंडाजी नावाच्या बागाईतदारानं सांगितलेलं घंगाळ ऐरणीवर चढवलं, पट्ट्यात पाय घातला. धोंडीराम आतलं काम टाकून पाठीमागं उभा राहिला. लंकाबाई दारात. कुसाबाईही कुठून तरी आली, हातात लाडूचा डबा.

हातोडी चालली. भट्टीच्या दोन खेपा झाल्या. सकाळचं ऊन दारातून आत येऊन मागं सरकलं तेव्हा घंगाळ उतरलं. गोटीरामनं बसल्या जागेवरूनच ते दाराकडं, उन्हात धरलं आणि फिरवलं. ओळी काठापासून बुडापर्यंत एकाला एक लागून गेल्या होत्या.

"झालं!" धोंडीराम म्हणाला. "दादा, पहिल्यासारखं झालं."

गोटीरामनं परत एकदा फिरवलं. बुडाजवळ एका जागी बोट टेकवलं. तिथं दोन घावांच्या मध्ये राईच्या दाण्याएवढी जागा मोकळी होती.

"हे काय आहे? आंधळा आहेस का तू?"

"अरे, कोण बघणार तिथं? बुडाला?"

"मी." त्यानं घंगाळ परत सांडशीत धरलं. दोर धरला, चांगला पाय आधी पायरीवर टाकून वर आला आणि भट्टीकडं चालायला लागला. वाटेत स्टीलच्या डब्यांची रांग होती. त्यानं मोकळ्या हातानं ती ढोसली.

"आणि हे अजून इथं का आहेत? नदी पात्र सोडून कुठं गेली का?"